फ्रेंच कॅनडातील कुलनामे आणि वंशशोधन

वंशावळीच्या अभ्यासात आडनाव हा सामान्यतः पहिला आधार मानला जातो. पित्याचे आडनाव पुत्राकडे व पुत्राचे नातवाकडे जाते, म्हणून एका आडनावाची माणसे एका कुळातली आणि भिन्न आडनावांची माणसे भिन्न कुळांतली, असे गृहीत धरून शोधाला आरंभ होतो. कॅनडातील फ्रेंचभाषक समाजाच्या बाबतीत हे गृहीतक पहिल्या दोन-तीन पिढ्यांतच कोलमडते. तेथे सख्ख्या भावांचे वंशज निरनिराळ्या आडनावांनी ओळखले जाऊ लागले. उलटपक्षी परस्परांशी कसलाही रक्तसंबंध नसलेली घराणी एकच आडनाव लावू लागली. असे असूनही ज्या थोड्या समाजांची वंशपरंपरा तीन-साडेतीन शतके मागे, जवळजवळ अखंडपणे जुळवता येते, त्यांत ह्या समाजाची गणना होते. आडनावे इतकी अस्थिर आणि वंशपरंपरा मात्र इतकी सुस्पष्ट, ह्या वरवर विसंगत दिसणाऱ्या वस्तुस्थितीची मीमांसा येथे करावयाची आहे.

१. मूळ वसाहत

साम्यूएल द शांप्लँ ह्याने १६०८ मध्ये क्वेबेक वसविले. १६३४ मध्ये त्र्वा-रिव्हियेर व १६४२ मध्ये माँट्रिऑल ही ठाणी उभी राहिली. वसाहतीची वाढ प्रथम अत्यंत मंद होती. झाँ तालों ह्या प्रशासकाने १६६६ मध्ये केलेल्या शिरगणतीत युरोपीय वंशाची केवळ ३,२१५ माणसे नोंदलेली आहेत. ही वाढ व्हावी म्हणून फ्रेंच राजसत्तेने दोन उपाय योजले. १६६३ ते १६७३ ह्या काळात राजाच्या खर्चाने सुमारे ७७० विवाहयोग्य स्त्रिया वसाहतीत पाठविण्यात आल्या. इतिहासात त्या ‘राजाच्या कन्या’ ह्या नावाने प्रसिद्ध आहेत. तसेच १६६५ मध्ये कारिन्याँ-सालिएर ही सुमारे बाराशे सैनिकांची पलटण तेथे उतरली आणि मोहीम संपल्यावर तिच्यातील सुमारे चारशे जण तेथेच स्थायिक झाले. १७६० मध्ये इंग्रजांनी वसाहत जिंकली तेव्हा लोकसंख्या सुमारे सत्तर हजारांवर गेलेली होती. १७६३ च्या पॅरिस-तहानंतर फ्रान्समधून होणारे स्थलांतर जवळजवळ थांबले.

ह्यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. आजचा फार मोठा समाज तुलनेने अल्पसंख्य मूळपुरुषांपासून व मूळस्त्रियांपासून विस्तारला, ही पहिली. आणि त्या मूळपुरुषांत सैनिकांचे प्रमाण लक्षणीय होते, ही दुसरी. कुलनामांच्या विशिष्ट प्रथेचे एक प्रमुख कारण ह्या दुसऱ्या गोष्टीत सापडते.

२. ‘दी’ ह्या शब्दाची व्याप्ती

क्वेबेकमधील जुन्या कागदपत्रांत ‘आंत्वान पेपँ दी लाशाँस’ अशा धर्तीची नावे पदोपदी आढळतात. ‘दी’ ह्या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘म्हटला जाणारा’ असा आहे. मराठी दस्तऐवजांतील ‘ऊर्फ’ हा शब्द त्याला बराचसा समानार्थक होय. स्त्रीच्या नावात त्याचे रूप ‘दीत’ असे होते. परंतु ‘ऊर्फ’ने जोडलेले नाव बहुधा त्या व्यक्तीपुरतेच राहते, तर फ्रेंच कॅनडातील हे दुसरे नाव वारशाने पुढील पिढ्यांकडे जात असे. ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे.

ह्या उपनामांचे उगम स्थूलमानाने चार प्रकारांचे दिसतात.

पहिला प्रकार सैनिकी नावांचा. फ्रेंच सैन्यात भरती होणाऱ्या शिपायाला टोपणनाव मिळत असे आणि पलटणीत तो त्याच नावाने ओळखला जाई. लाफ्लर म्हणजे फूल, लारोझ म्हणजे गुलाब, साँसूसी म्हणजे निश्चिंत, जोलीकर म्हणजे प्रसन्न हृदयाचा, त्राँशमाँतान्य म्हणजे डोंगर चिरणारा. ह्या नावांत कोठे विनोद, कोठे बढाई, कोठे शिपायाच्या स्वभावाचे वर्णन दिसते. शिपाई शेतकरी झाला तरी शेजाऱ्यांच्या तोंडी बसलेले हे नाव पुसले गेले नाही.

दुसरा प्रकार मूळ प्रदेशावरून पडलेल्या नावांचा. आंजू प्रांतातला तो लांजव्हँ, पिकार्दीतला तो पिकार, प्वातूतला तो प्वातव्हँ; ह्या शेवटच्या नावाचेच पुढे पोत्व्हँ असे रूप झाले. देश सोडल्यावरच असे नाव सार्थ होते, कारण आंजूमध्ये राहणाऱ्याला ‘आंजूकर’ म्हणण्याचे कोणाला कारण पडत नाही. स्वित्झर्लंडमधून आलेल्या प्येर मिव्हील ह्याला ‘ल स्विस’ म्हणत. त्याच्या वंशजांत मात्र ‘देशेन’ हे वेगळेच उपनाम रूढ झाले. कॅनडाच्या इतिहासात मेती समाजाचा नेता म्हणून गाजलेला लुई रिएल (१८४४–१८८५) ह्याचा मूळपुरुष आयर्लंडमधील लिमरिकहून आलेला होता व नोंदींत त्याचे नाव ‘रिएल दी लिर्लांद’ असे आढळते. ‘लिर्लांद’ हे उपनाम टिकून राहिले नसते, तर फ्रेंच वळणाच्या ‘रिएल’ ह्या आडनावामागील आयरिश मूळ ध्यानात येणे कठीण होते.

तिसरा प्रकार जमिनीवरून आलेल्या नावांचा. दिएप बंदराहून आलेल्या शार्ल ल म्वान ह्याचे कुटुंब ह्याचे ठळक उदाहरण होय. त्याचे पुत्र इबरव्हील, ब्यँव्हील, सँत-एलेन, मारिकूर अशा वेगवेगळ्या नावांनी प्रसिद्धीस आले. १७१८ मध्ये न्यू ऑर्लिन्स वसविणारा ब्यँव्हील आणि हडसन उपसागरात इंग्रजांशी लढणारा इबरव्हील हे सख्खे भाऊ होत, हे केवळ नावावरून कोणालाही ओळखता येणार नाही. प्रतिष्ठित घराण्यांतील हीच पद्धत सामान्य शेतकऱ्यांतही आपल्या परीने उतरली.

चौथा प्रकार निव्वळ सोयीचा. एकाच वस्तीत एका आडनावाची घरे वाढली की शाखा ओळखण्यासाठी पूर्वजाचे व्यक्तिनाम, आईकडील नाव किंवा शेताजवळची एखादी खूण जोडली जाई.

३. नाव व वंश ह्यांचे तीन संबंध

ह्या प्रथेमुळे नाव आणि वंश ह्यांच्यात तीन प्रकारचे संबंध निर्माण झाले. वंशशोधकाची फसगत बहुधा ह्या तिहींतील भेद न ओळखल्यामुळे होते.

पहिला संबंध : एक नाव, एक वंश. त्राँब्ले हे आडनाव आजही क्वेबेकमध्ये सर्वाधिक प्रमाणात आढळणाऱ्या आडनावांत गणले जाते. पेर्श प्रांतातून आलेला प्येर त्राँब्ले व ओझान आशों ह्यांचा विवाह १६५७ मध्ये क्वेबेक येथे झाला आणि तेथील त्राँब्ले हे ह्याच एका जोडप्याचे वंशज समजले जातात. येथे नाव व वंश एकरूप आहेत.

दुसरा संबंध : एक नाव, अनेक वंश. रुआ हे आडनाव लावणारे परस्परांशी असंबद्ध असे कित्येक पुरुष वसाहतीत आले. सैनिकी नावांच्या बाबतीत ही स्थिती अधिकच प्रकर्षाने दिसते. जवळपास प्रत्येक पलटणीत एखादा लाफ्लर असेच. म्हणून आजच्या दोन लाफ्लर कुटुंबांत आप्तसंबंध असेलच असे मुळीच म्हणता येत नाही. त्यांच्या पूर्वजांची मूळ आडनावेसुद्धा वेगळी असू शकतात.

तिसरा संबंध : अनेक नावे, एक वंश. बातिस्काँ येथे वसलेल्या रिव्हार बंधूंपैकी निकोला हा ‘दी लाव्हीन्य’ व रोबेर हा ‘दी लोरांझे’ म्हणून ओळखला जाई. त्यांच्या वंशविस्तारात रिव्हार, लाव्हीन्य, लोरांझे, लानुएत इत्यादी आडनावे प्रचलित झाली. ही घराणी आज एकमेकांना परकी मानीत असली तरी त्यांचे मूळ एकच आहे. त्याचप्रमाणे पेपँ व लाशाँस, यूदों व बोलिय, मिव्हील व देशेन ह्या जोड्यांत भिन्न आडनावांआड एकच कूळ असण्याचा संभव शोधकाने नेहमी ध्यानात ठेवावा लागतो.

अडचण एवढ्यावरच संपत नाही. एकाच व्यक्तीची नोंद बाप्तिस्म्याच्या वेळी मूळ आडनावाने, विवाहाच्या वेळी दोन्ही नावांनी आणि दफनाच्या वेळी केवळ उपनामाने झालेली असू शकते. लेखनात एकवाक्यता नव्हती. पाद्री कानावर पडेल तसे लिहीत आणि पुष्कळ वेळा स्वाक्षरी न येणारा पिता ते वाचून तपासू शकत नसे. एकोणिसाव्या शतकात तर बाप्तिस्म्याच्या वेळी बहुतेक मुलग्यांच्या नावापूर्वी ‘झोझेफ’ व मुलींच्या नावापूर्वी ‘मारी’ लावण्याची चाल पडली. एखादे मूल दगावले की पुढच्या मुलाला तेच नाव दिले जाई. अशा स्थितीत व्यक्तीचे नाव हा ओळखीचा अत्यंत दुबळा पुरावा ठरतो.

४. नोंदवह्यांची परंपरा

नावांनी निर्माण केलेला हा गोंधळ निस्तरता येतो, ह्याचे श्रेय नोंदवह्यांना आहे. फ्रान्समध्ये १५३९ च्या व्हिलेर-कोत्रे येथील राजाज्ञेने बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवणे बंधनकारक झाले. त्रेंत येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाह धर्मगुरू व साक्षीदार ह्यांच्या समक्ष व्हावा, असा निर्बंध घातला. १५७९ च्या ब्ल्वा येथील राजाज्ञेने विवाह व दफन ह्यांच्याही नोंदी आवश्यक केल्या. पुढे चौदाव्या लुईच्या १६६७ च्या कायद्याने प्रत्येक नोंदवही दोन प्रतींत लिहावी, एक प्रत चर्चमध्ये राहावी व दुसरी न्यायालयाच्या स्वाधीन करावी, असे ठरले. न्यू फ्रान्समध्येही ही पद्धत सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत लागू झाली.

दुहेरी प्रतीचे मोल काय, हे क्वेबेकला पूर्वीच अनुभवास आलेले होते. १६४० मध्ये तेथील चर्च आगीत भस्मसात झाले व त्याबरोबर आरंभीच्या नोंदी नष्ट झाल्या. त्या पुढे स्मरणाच्या आधारे पुन्हा लिहाव्या लागल्या. दोन ठिकाणी दोन प्रती ठेवल्याने नंतरच्या काळातील आगी व पूर ह्यांतूनही बहुतेक नोंदी बचावल्या. १७६३ नंतर राजसत्ता बदलली तरी ही व्यवस्था मोडली नाही. १७७४ च्या क्वेबेक कायद्याने फ्रेंच दिवाणी कायदा पुन्हा मान्य केला आणि जन्म, विवाह, मृत्यू ह्यांच्या धर्मसंस्थेकडील नोंदींना शासकीय दस्तऐवजांचे स्थान पुढेही राहिले. १९९४ मध्ये ही जबाबदारी पूर्णतया शासनाकडे गेली. एवढा दीर्घ व सलग कालखंड व्यापणाऱ्या नोंदी फारच थोड्या देशांत उपलब्ध आहेत.

नोंदवह्यांच्या जोडीला नोटरींचे दस्तऐवज आहेत. विवाहापूर्वी नोटरीसमोर करार करण्याची चाल सामान्य शेतकऱ्यांतही होती. पॅरिसच्या रूढिसंहितेप्रमाणे सामान्य कुटुंबातील वारसा मुला-मुलींत समप्रमाणात विभागला जात असल्यामुळे वाटणीपत्रांत सर्व भावंडांची व जावयांची नावे एकत्र सापडतात. भिन्न आडनावे लावणारे भाऊ जेथे एका पित्याचे वारस म्हणून शेजारी शेजारी उभे राहतात, असे हे कागद होत.

५. विवाहापासून विवाहाकडे

ह्या साधनांत विवाहनोंद सर्वांत महत्त्वाची. तिच्यात वधूवरांच्या नावांबरोबर दोघांच्याही माता-पित्यांची नावे लिहिलेली असतात. शिवाय फ्रेंच प्रथेनुसार स्त्री कागदोपत्री आपले जन्मनाव कधीच सोडीत नसे. विवाहानंतर, मुलांच्या बाप्तिस्म्यात आणि स्वतःच्या दफनाच्या नोंदीतही ती माहेरच्या आडनावानेच येते. इंग्रजी परंपरेत विवाहाबरोबर स्त्रीचे माहेरचे नाव लुप्त होते व मातृवंशाचा माग बहुधा तेथेच खुंटतो. फ्रेंच कॅनडात तो पित्याच्या वंशाइतकाच स्पष्ट राहतो. १९८१ पासून क्वेबेकच्या कायद्याने विवाहानंतरही पति-पत्नींनी आपापलेच नाव राखावे असा नियम केला. ह्या नियमाने जुन्या दप्तरी प्रथेचे जणू पुनरुज्जीवन झाले.

म्हणून वंशशोधाची रूढ पद्धत अशी : एका विवाहनोंदीतून वराच्या किंवा वधूच्या माता-पित्यांची नावे घ्यावयाची, त्या जोडप्याची विवाहनोंद शोधावयाची, आणि हाच क्रम मागे मागे चालवावयाचा. नऊ-दहा अशा पायऱ्या चढल्यावर बहुधा फ्रान्समधून आलेला मूळपुरुष सापडतो. येथे शोधाचा घटक व्यक्ती नसून जोडपे हा आहे. ‘झाँ-बातीस्त रुआ’ हे नाव शेकडो व्यक्तींचे असेल. पण त्याच्या पत्नीचे नाव व जन्मनाव जोडले की संदिग्धता बव्हंशी नाहीशी होते. पुरुषाचे आडनाव रिव्हारचे लाव्हीन्य झाले तरी पत्नीचे नाव तेच राहते आणि त्यावरून दोन्ही नोंदी एकाच कुटुंबाच्या आहेत हे सिद्ध करता येते. पुरुषाच्या बदलत्या नावाला स्त्रीच्या स्थिर नावाने आधार दिला, असे ह्या पद्धतीचे सार सांगता येईल.

आणखी एक साधन उल्लेखनीय आहे. कॅथलिक धर्मशास्त्राप्रमाणे १९१७ पर्यंत चौथ्या पायरीपर्यंतच्या नातलगांचा, म्हणजे खापरपणजोबा समान असणाऱ्यांचाही, विवाह विशेष अनुज्ञेवाचून होऊ शकत नसे. अशी अनुज्ञा दिली गेल्यास तिचा उल्लेख विवाहनोंदीत येई. वराचे व वधूचे आडनाव पूर्णतः भिन्न असताना असा उल्लेख आढळला, तर त्यांच्या कुळांचे मूळ कोठे तरी एकत्र येते हे निश्चित होते.

ह्या सामग्रीचे संकलन प्रथम सिप्रियाँ ताँगे ह्या धर्मगुरूंनी केले. त्यांचा कॅनडातील कुटुंबांचा वंशकोश १८७१ ते १८९० ह्या काळात सात खंडांत प्रसिद्ध झाला. रने झेते ह्यांचा १७३० पर्यंतच्या कुटुंबांचा कोश १९८३ मध्ये निघाला व त्याने ताँगे ह्यांच्या अनेक त्रुटी दूर केल्या. १९६६ मध्ये माँट्रिऑल विद्यापीठात ह्युबेर शार्बोनो व झाक लेगारे ह्यांनी ऐतिहासिक लोकसंख्याशास्त्राचा संशोधन-उपक्रम सुरू केला. फ्रान्समध्ये लुई आंरी ह्यांनी विकसित केलेली कुटुंब-पुनर्रचनेची पद्धत तेथे संपूर्ण लोकसंख्येला लावण्यात आली आणि नावांच्या विविध रूपांना प्रमाणरूप देऊन संगणकाच्या साहाय्याने नोंदी जुळविण्यात आल्या.

६. उपनामांचा लोप व नावांचे भाषांतर

एकोणिसाव्या शतकात दुहेरी नावे हळूहळू मागे पडली. शाळा, शिरगणती, मतदारयादी, जमिनीचे दप्तर ह्या सर्वांना प्रत्येक माणसाचे एकच नाव हवे होते. दोहोंपैकी कोणते ठेवावयाचे ह्याला नियम नव्हता. म्हणून एका भावाने मूळ नाव ठेवले, दुसऱ्याने उपनाम, असे वारंवार घडले. वंशशोधकाला मागे जाताना नेमका ह्या टप्प्यावर वंश तुटल्याचा भास होतो. वस्तुतः वंश तुटलेला नसतो. नावाचा एक अर्धा भाग गळालेला असतो.

ह्याच सुमारास दुसरे मोठे स्थित्यंतर घडले. १८४० ते १९३० ह्या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच कॅनेडियन लोक संयुक्त संस्थानांत, विशेषतः न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत, कामासाठी गेले. तेथे रुआचे ‘किंग’, ब्वाव्हेरचे ‘ग्रीनवुड’, लब्लाँचे ‘व्हाइट’ असे भाषांतर झाले, तर बन्वाचे ‘बेनवे’ असे केवळ उच्चारानुसारी रूपांतर झाले. ‘दी लाझनेस’ ह्या सैनिकी नावावरून ‘यंग’ झालेल्या कुटुंबात तर नाव दोनदा बदललेले असते. उलट दिशेचेही उदाहरण आहे. १७०४ मध्ये डिअरफील्डहून पकडून नेलेला रायझिंग नावाचा इंग्रज मुलगा कॅनडातच राहिला व त्याचे वंशज ‘रेझेन’ ह्या फ्रेंच आडनावाने नांदू लागले.

नाव बदलल्याने शोध किती काळ अडू शकतो, ह्याचा दाखला लेखक जॅक केरुअॅक (१९२२–१९६९) ह्यांच्या घराण्यात मिळतो. लोवेल येथे फ्रेंच कॅनेडियन कुटुंबात जन्मलेल्या केरुअॅक ह्यांनी १९६५ मध्ये आपल्या पूर्वजाच्या शोधार्थ फ्रान्सचा प्रवास केला. परंतु शोध निष्फळ ठरला. ज्या मूळपुरुषाचा विवाह १७३२ मध्ये काप-सँत-इन्यास येथे झाला, त्याने वसाहतीत वेगळी नावे धारण केली होती. तो ब्रिटनीतील एका नोटरीचा पुत्र असून त्याचे खरे नाव युर्बँ-फ्रांस्वा ल बियाँ होते, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या संशोधनानेच उजेडात आले.

७. नोंदींतील मौन

तथापि ह्या साधनांच्या विपुलतेमुळे एक गैरसमज होऊ नये. नोंदवह्या सर्वांच्या बाबतीत सारख्या बोलक्या नाहीत. न्यू फ्रान्समध्ये गुलामगिरी होती, हे सत्य दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. मार्सेल त्र्यूदेल ह्यांच्या १९६० च्या ग्रंथाने ते प्रथम समग्रपणे मांडले आणि त्यांनी पुढे नोंदींतून सुमारे ४,२०० गुलाम व्यक्ती निश्चित केल्या. त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश मूलनिवासी व उरलेल्या बहुतेक आफ्रिकी वंशाच्या होत्या. ह्यांपैकी बहुतेकांच्या नोंदीत माता-पित्यांचा उल्लेख नाही. बाप्तिस्म्यात मिळालेले एक नाव असते, आणि आडनाव असलेच तर ते पुष्कळदा मालकाचे असते. अशा ठिकाणी आडनावावरून वंश ठरविणे म्हणजे मालकीलाच रक्तसंबंध समजणे होय. जोडप्यावरून जोडप्याकडे जाणारी पद्धत येथे पहिल्याच पायरीवर थांबते; आणि ती तेथे थांबली हे स्पष्ट शब्दांत नमूद करणे हे शोधकाचे कर्तव्य ठरते.

८. समारोप

हा सर्व विचार केवळ कुलाभिमानापुरता उरलेला नाही. १८३८ पासून सागने खोऱ्यात शार्लव्ह्वा भागातील कुटुंबांनी वसाहत केली. त्या प्रदेशात टायरोसिनेमियासारखे काही आनुवंशिक विकार इतरत्र आढळतात त्याहून पुष्कळ अधिक प्रमाणात आढळतात. मूळ लोकसमूह लहान असल्याचा हा परिणाम होय. १९७० नंतरच्या दशकात झेरार बुशार ह्यांच्या पुढाकाराने शिकुतिमी येथील विद्यापीठात सिद्ध होऊ लागलेल्या वंशसंग्रहाचा उपयोग अशा विकारांच्या अभ्यासात झाला. येथे पेपँ व लाशाँस ही दोन कुळे मानली, तर समान पूर्वज दृष्टीआड होतो. सर्व लाफ्लर एक मानले, तर नसलेला पूर्वज कल्पिला जातो. दोन्ही चुका सारख्याच घातक आहेत, कारण त्यांवर आधारलेला निष्कर्ष अखेर जिवंत माणसांच्या आरोग्याशी निगडित असतो.

सारांश, फ्रेंच कॅनडाच्या उदाहरणावरून असे दिसते की आडनाव हा वंशाचा पुरावा नसून पुराव्याकडे नेणारी एक खूण आहे. ती खूण सैन्यात, शेतात, नोटरीच्या दप्तरात व गिरणीच्या हजेरीपटात वेळोवेळी बदलत गेली. माता व पिता ह्या दोघांचीही नावे सांगणारी विवाहनोंद मात्र स्थिर राहिली. ज्या समाजाने आपल्या स्त्रियांची जन्मनावे कागदावर जतन केली, त्या समाजाला आपल्या पुरुषांची हरवलेली आडनावेही परत मिळविता आली.